सतरा नंबर दोघांना

बुधवार हा लाँड्रीच्या सुट्टीचा वार. सुट्टीच्या दिवशी आप्पांनी दुकानात बोलावलं, की घरातल्या प्रत्येकाला आपापला गुन्हा आठवायचा. थोरल्याला वाटलं, वाफेच्या इस्त्रीचं पाणी बदलायला आपण विसरलो ते कळलं. धाकट्याला वाटलं, गाडीच्या दाराला आलेला पोचा दिसला. आप्पांची बहीण, म्हणजे सगळ्यांची आत्या, तिने तर फोनवरच सांगून टाकलं, "मी काही केलेलं नाही, पण येते. तुमची जुंपलेली बघायला मला आवडतं."

थोरल्या सुनेचा गुन्हा मात्र खराखुरा होता आणि अजून कोणाला कळलेला नव्हता. तिच्या लेकीला, भिंगरीला, माहीत होता, पण ती स्वतःच त्यात सामील असल्यामुळे तिला धरायचं कारण नाही.

गुन्हा असा, की आज बरोबर अकरा वाजता थोरलीची परीक्षा होती. नोकरीची. दवाखान्यांसाठी ॲप बनवणाऱ्या एका कंपनीला शिकाऊ टेस्टर हवे होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका, ते लोकांच्या हातात पडायच्या आधी हुडकून काढणारा माणूस. लेखी परीक्षा झाली, फोनवर मुलाखत झाली, आता शेवटची पायरी राहिली होती. एक तास, एक कच्चं ॲप, आणि कॅमेऱ्यातून बघणारी कंपनीची परीक्षक. वेळ त्यांनी काल संध्याकाळी कळवली, आणि आप्पांनी बैठक परवाच ठरवलेली. दोन्हींपैकी एकही चुकवता येण्यासारखी नव्हती, म्हणून थोरलीने दोन्हीला हो म्हटलं आणि भिंगरीचा लॅपटॉप पडद्यांच्या गाठोड्यात गुंडाळून सकाळीच दुकानाच्या माळ्यावर, शिवणाच्या मशीनशेजारी नेऊन ठेवला.

तिला हा नाद लागला तो दुकानातल्या पावतीच्या प्रोग्रॅममुळे. मागच्या वर्षी त्या प्रोग्रॅमने पावतीवरचे कपडे गिळायला सुरुवात केली तेव्हा थोरल्याने कॉम्प्युटरला दोन धपाटे मारून बघितले. थोरलीने विकणाऱ्याला फोन लावला. "गिऱ्हाइकाचं नाव लांबलचक असलं आणि कपडे चारपेक्षा जास्त असले, तरच शेवटचा कपडा गायब होतो," ती म्हणाली. "नाव लांब आणि कपडे तीन, तर होत नाही. कपडे पाच आणि नाव आखूड, तरी होत नाही. मी अकरा पावत्या काढून बघितल्या." पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, तुम्ही हे काम कुठे शिकलात?" हे एक काम असतं आणि लोक त्यासाठी ऑफिसात जातात, हे तिला त्या दिवशी कळलं. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर सात महिने ती संध्याकाळच्या वर्गाला जात होती. 'दुकानाच्या कॉम्प्युटरचं शिकतेय' असं तिने घरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत दहा वाजल्यापासून सगळे जमले. मोठं प्रेस चादरीखाली झाकलेलं होतं, रुळावर प्लास्टिकच्या पिशव्यांत धुतलेले कपडे लटकत होते आणि कपडे निवडायच्या लांब टेबलाभोवती घराणं बसलं होतं. आप्पा त्यांच्या उंच स्टुलावर. ते बोलायला लागले की पहिल्या मशीनपासून सुरू करत, आणि ते मशीन इतकं जुनं होतं की तिथून आजपर्यंत यायला पंचवीस मिनिटं लागत. थोरली भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता घड्याळ बघत होती.

दहा एकावन्नला आप्पा मुद्द्यावर आले.

"बसथांब्याजवळचा तो कोपऱ्यावरचा गाळा मी घेतला," ते म्हणाले. "दुसरं दुकान काढतोय. आणि ते सूनबाई चालवणार. एकटी. त्यात थोरल्याची लुडबूड नको, धाकट्याची नको. माझीसुद्धा नको."

त्यांनी खिशातून नवी कोरी चावी काढली आणि टेबलावरून पुढे न सरकवता उठून तिच्या हातात दिली.

दहा वर्षांपूर्वी हेच तिने मागितलं होतं. 'आधी एक दुकान नीट चालू दे' असं म्हणून आप्पांनी तेव्हा विषय मिटवला होता. ती तेव्हा माळ्यावर जाऊन रडली होती, हे थोरल्याला माहीत होतं. आज चावी हातात घेऊन तिने उघडउघड घड्याळाकडे बघितलं. आप्पांना वाटलं, मुहूर्त बघतेय.

"आप्पा," ती म्हणाली, "मला अकरा वाजता परीक्षा आहे."

"कसली?"

तिने सांगितलं. कंपनी, टेस्टर, शेवटची पायरी, माळ्यावरचा लॅपटॉप, सगळं एका दमात. श्वास घ्यायला थांबली तर धीर सुटेल असं तिला वाटत होतं.

सगळ्यांत आधी धाकटा उठला. कपडे घरपोच करणारी गाडी चालवून त्याची पाठ वाकायला आली होती आणि त्या गाळ्यावर त्याचा डोळा सहा महिन्यांपासून होता. आतापर्यंत तोंड पाडून बसलेला तो माणूस एकदम खुलला. "वा वहिनी! जा, जा तुम्ही! असे चान्स परत येत नाहीत. घरच्यांनी पाठीशी उभं राहायलाच पाहिजे!"

"तू बस खाली," आप्पा म्हणाले. "तुझं पाठीशी उभं राहणं मला कळतं."

थोरला बसल्या जागीच वळला होता. तो तिच्याकडे बघत होता. बावीस वर्षं ही बाई आपल्याशेजारी उभी राहून कपडे निवडते, आपल्याला वाटतं हिच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं, आणि हिने लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली, त्या दिवशीही घरी येऊन नेहमीसारखी भाजी चिरली. त्याला राग आला होता असं नाही. त्याला लाज वाटली, सगळ्यांसमोर, आपल्याला काहीच माहीत नसल्याची.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"पास झाल्यावर सांगणार होते."

"आणि नापास झाली असतीस तर?"

"तर सांगायला उरलं काय असतं?"

हे त्याला लागलं. तिलाही लागलं, पण घड्याळात दहा पंचावन्न झाले होते.

"बाबा, मी सांगते ना," भिंगरी मध्ये पडली. "आईला भीती वाटत होती की तुम्ही..."

"तू गप्प बस. लॅपटॉप कोणाचा आहे ते मला कळतंय."

"बावीस वर्षांचा अनुभव टाकून," आप्पांचा आवाज चढला, "कोणाच्या तरी हाताखाली, अगदी पहिलीपासून? हे दुकान तुझं होतं, सूनबाई! मी काय कमी..."

"दादा!" आत्याने टेबलावर थाप मारली. आत्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि दोन माणसांचं बोलणं कुठे तोडायचं हे तिला बरोबर कळत होतं. "मी एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा तू तीन दिवस अबोला धरला होतास."

"दोन."

"तीन. आता अकराला चार मिनिटं कमी आहेत. हे भांडण बारा वाजता पुढे चालू करायचं, तोपर्यंत कोणी काही विसरू नका. तू वर जा गं."

"आणि चावी?" आप्पा म्हणाले.

"राहू दे तिच्याकडे. वर जाऊन ती काही गाळा उघडत नाहीये."

थोरली दोन-दोन पायऱ्या चढत माळ्यावर गेली.

पडद्यावरची परीक्षक भिंगरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कानांवर हेडफोन, केसांत खोचलेली पेन्सिल. तिने नियम सांगितले. "एक तास. हे ॲप दवाखान्यात नंबर लावायचं आहे. यात जेवढं चुकीचं दिसेल तेवढं लिहून काढायचं. बाहेरची मदत घ्यायची नाही. शंका आली तर मला विचारा, मी बहुतेक उत्तर देणार नाही."

"मग विचारू कशाला?"

मुलगी हसली, आणि थोरलीने स्टूल पुढे ओढलं.

त्या दुकानात कपडा कसा बघतात हे एकदा सांगायला हवं. आधी कॉलर, मग काखा, मग कफ, मग खिसे, सगळ्यांत शेवटी अस्तर. आणि डाग दिसला की तो गिऱ्हाइकासमोरच दाखवायचा, तोंडाने बोलायचा आणि पावतीवर लिहायचा. कुठे आहे, केवढा आहे, कशाचा वाटतो. मागाहून सांगितलेला डाग आपण पाडला असं धरायचं, हा आप्पांचा कायदा. थोरलीने ॲप तसंच उलटंपालटं करून बघायला घेतलं. आधी कडा. जन्मतारीख उद्याची टाकली, ॲपने ती मुकाट्याने घेतली. लिहिलं. नावाच्या जागी नुसती मोकळी जागा सोडली, तरी रुग्णाची नोंद झाली. लिहिलं. फोन आडवा केला तर नंबर रद्द करायचं बटण पडद्याबाहेर गेलं. लिहिलं, 'उजवीकडे, खालून दुसरं, निम्मं कापलेलं.'

तिला जी मजा यायला लागली ती कोणाला सांगता आली नसती. हात गरम झाले होते, कान गरम झाले होते. प्रत्येक चूक सापडली की आतून कोणीतरी टाळी दिल्यासारखं वाटे. पंचेचाळीस मिनिटांत नऊ चुका झाल्या. खालच्या माणसांना, चावीला, नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याला ती साफ विसरली होती.

आणि खाली, नेमकं तेव्हा, तिच्या माणसांनी घोळ घालून ठेवला होता.

झालं असं. या घरात कोणी कुठलाही अर्ज भरला की त्यावर स्वतःचा नंबर लिहीत नसे, दुकानाचा लिहीत असे. थोरलीने सवयीने तेच केलं होतं. त्यामुळे परीक्षेच्या ॲपची लिंक जशी तिच्या लॅपटॉपवर आली तशी दुकानाच्या फोनवरही आली होती. आणि दुकानाच्या फोनवर काहीही आलं की ते लगेच घरच्या ग्रुपवर टाकायचं, हा घरातला दुसरा कायदा. धाकट्याचा अंगठा ते काम डोक्याला न विचारता करायचा. त्याने लिंक पाठवून दिली, टेबलाभोवती पाच फोन किणकिणले, आणि पाच माणसांनी ती उघडली.

"अरे, ही परीक्षेची दिसते," भिंगरी म्हणाली. "बंद करा! सगळ्यांनी बंद करा!"

"बघू तर दे ती काय करतेय," थोरला म्हणाला. सकाळपासून त्याने धड बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, म्हणून भिंगरी गप्प बसली.

आप्पांनी चष्मा लावला. आपल्या सुनेने दुकान सोडून जे धरलंय ते दिसतं कसं, हे त्यांना बघायचंच होतं. नाव टाकलं, वय टाकलं, पुढचं पान आलं. त्यावर मोठं हिरवं बटण होतं, 'नंबर घ्या'. शेजारी आत्याही त्याच पानावर पोचली होती.

"थांब, आधी मी घेतो," आप्पा म्हणाले.

"का? मी आधी उघडलंय."

"मी मोठा आहे."

"दवाखान्यात मोठ्याला आधी घेतात का?"

"तू भरलेलं वय खोटं आहे. मला दिसतंय इथून."

"तू माझ्या फोनमध्ये कशाला बघतोस?"

हे बराच वेळ चाललं. शेवटी आप्पांनी रागाने बटण दाबलं. त्यांच्या फोनवर सतरा आला. आत्याने चहाचा घोट घेतला, पदर नीट केला आणि मग सावकाश दाबलं. तिच्याही फोनवर सतरा आला.

आप्पांनी दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

नऊ वर्षांपूर्वी या दुकानात दोन करड्या कोटांना एकच नंबर लागला होता. एकाचा कोट घालून दुसरं गिऱ्हाईक परगावी निघून गेलं आणि पहिल्याचा पासपोर्ट त्या कोटाच्या आतल्या खिशात होता. आप्पा स्वतः रात्रंदिवस बसने प्रवास करून तो कोट घेऊन आले होते. तेव्हापासून एका वेळी एकाच माणसाने नंबराची चिठ्ठी फाडायची आणि आलेला प्रत्येक निरोप सगळ्यांना कळवायचा, असे कायदे झाले. एकच नंबर दोघांना, याहून मोठं पाप आप्पांना माहीत नव्हतं.

ते उठले. बाहत्तर वर्षांचा माणूस माळ्याचा जिना धावत चढला, मागून भिंगरी 'आप्पा नको, आप्पा नको' करत राहिली, आणि कॅमेऱ्यासमोर बसलेल्या थोरलीच्या खांद्यावरून दोन फोन पडद्यात घुसले.

"सूनबाई! सतरा नंबर दोघांना!"

पडद्यावरच्या मुलीने केसांतली पेन्सिल काढून हातात धरली. थोरलीला नियम आठवला. बाहेरची मदत घ्यायची नाही. सात महिने, आणि हे असं संपणार.

पण बावीस वर्षांची सवय जिभेवर होती. डाग आधी दाखवायचा.

"ही चूक मी शोधलेली नाही," ती म्हणाली. "हे माझे सासरे. ही लिंक आमच्या दुकानाच्या फोनवर आली, कारण अर्जावर मी तो नंबर दिला. तो माझाच गाढवपणा. खाली घरच्यांनी ती उघडली. नियम मोडला आहे. माझ्या यादीत नऊ चुका आहेत, त्या माझ्या आहेत. ही धरू नका."

"एक मिनिट," मुलगी म्हणाली आणि तिचा आवाज बंद झाला. नुसते ओठ हलताना दिसत होते, दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होती. मग शेजारी अर्धं टक्कल पडलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक माणूस येऊन बसला. त्याने स्वतःची ओळख करून दिली, तो त्यांचा प्रमुख होता.

"नियमाप्रमाणे ही चूक तुमच्या खात्यावर धरता येणार नाही," तो म्हणाला.

"नका धरू. पण ॲपमध्येही राहू देऊ नका. उद्या दवाखान्यात दोन माणसं सतरा नंबर घेऊन उभी राहतील आणि एकाचं औषध दुसऱ्याला जाईल."

प्रमुखाने मुलीकडे बघितलं. "आपल्या यादीत हे आहे?"

"नाही," मुलगी म्हणाली. "आपण मुद्दाम बारा चुका ठेवल्या होत्या. त्यात हे नाही."

म्हणजे ही खरी होती. कोणी ठेवलेली नव्हती. थोरलीच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

"तुमची बारा मिनिटं उरली आहेत," प्रमुख म्हणाला. "हे पुन्हा घडवून दाखवता येईल? एकटीने?"

"आप्पा, खाली जा," थोरली म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिने आप्पांना 'जा' असं म्हटलेलं नव्हतं. आप्पा गेले. तिसऱ्या पायरीवर थांबले, ती गोष्ट वेगळी.

एका हाताला लॅपटॉप, दुसऱ्या हातात स्वतःचा फोन. लॅपटॉपवर पान उघडून बटण दाबलं, पाठोपाठ फोनवर तसंच केलं. एकोणीस आणि वीस. पुन्हा दाबलं. एकवीस आणि बावीस. पाठोपाठ घाईने दाबलं म्हणून घडलं असावं असं तिला वाटलं होतं, पण पाच वेळा दाबूनही नंबर वेगळेच आले. सात मिनिटं उरली.

तिने हात मांडीवर ठेवले. कपड्यावरचा डाग निघत नसला की आप्पा पाणी ओतत बसत नाहीत, आधी तो पडला कसा ते विचारतात. मग हा पडला कसा? आप्पा आणि आत्या. ती दोघं जन्मात कधी अशी झटपट बटण दाबतील का? छे. आधी भांडतील. पान उघडून ठेवतील आणि भांडत बसतील, एक रागाने दाबेल आणि दुसरी मुद्दाम वेळ काढून दाबेल.

म्हणजे दाबण्यात काही नव्हतंच. ती मात्र दर वेळी घाईघाईने एक पान उघडून, तिथला नंबर घेऊन, मगच दुसरं उघडत होती.

तिने लॅपटॉपवर हिरव्या बटणाचं पान उघडलं आणि हात लावला नाही. फोनवर तेच पान उघडलं, तिथेही हात लावला नाही. लॅपटॉपवर दाबलं. एकोणतीस. घड्याळ लावून अख्खं मिनिट थांबली. पडद्यावरची मुलगी पेन्सिल चावत होती. फोनवर दाबलं.

एकोणतीस.

"आलं!" ती ओरडली, आणि जिन्यावरून चार जणांनी "आलं?" असं विचारलं.

तिने लगेच दुसऱ्यांदा केलं. आलं. तिसऱ्यांदा. आलं. दर वेळी आलं. "हे बघा," ती भराभरा बोलत सुटली, "नंबर बटण दाबल्यावर ठरत नाहीये. पान उघडलं की तेव्हाच ठरतोय. आमच्याकडे गिऱ्हाईक दारात दिसलं म्हणून कोणी नंबर फाडत नाही. कपडे हातात आले की फाडायचा. दारात दोघं एकदम उभे राहिले तर दोघांच्या नावाने तोच नंबर ठरतो ना! यांनी दारातच फाडलाय."

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "ते पान मी लिहिलंय," ती हळूच म्हणाली.

"छान लिहिलंय," थोरली म्हणाली. "बाकी कुठे काही नाही त्यात."

प्रमुख इतका मोठ्याने हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. मग तो गंभीर झाला. त्याने तिची यादी उघडली, एकेक ओळ वाचली, बोटाने मोजली. ती दोन मिनिटं थोरलीला फार लांब गेली.

"सतरा नंबरची चूक धरत नाही," तो म्हणाला. "नऊ धरल्या. बारापैकी आठ सापडल्या तरी आम्ही माणूस घेतो. आणि कुठली चूक कुठे आहे हे इतकं सरळ लिहिलेलं मी शिकाऊ माणसाकडून अजून वाचलेलं नाही. एक तारखेपासून येता का?"

"येते," ती म्हणाली. आपण हे ठरवलं केव्हा, असं मग तिच्या मनात आलं. बहुतेक अकरा वाजून पाच मिनिटांनी.

जिन्यावर एकच गदारोळ झाला. आप्पांचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर होता. भिंगरीने आईच्या गळ्यात पडून तिला स्टुलासकट हलवलं. धाकटा शिट्ट्या मारत होता, त्याची कारणं त्याच्याजवळ. आत्या खालच्या पायरीवर बसून डोळे पुसत पुसत म्हणाली, "बारा वाजले रे. भांडण राहिलंय, कोणाला करायचंय?" कोणी हात वर केला नाही.

थोरला सगळ्यांत मागून वर आला. बायकोसमोर उभा राहिला.

"मी अजून रुसलोय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"चांगला आठवडाभर रुसणार आहे."

"बरं."

"एक तारखेचे तुझे कपडे मी इस्त्री करणार. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही." आणि त्याने तोंड वळवलं, कारण त्याचे डोळे भरले होते आणि भिंगरी बघत होती.

ती खाली आली तेव्हा आप्पा पुढच्या दुकानात, बंद शटरच्या आत, काउंटरच्या गिऱ्हाइकाकडच्या बाजूला एकटेच उभे होते. त्या बाजूला ते कधी उभे राहत नसत. तिने चावी काउंटरवर ठेवली.

"रागावलात?"

"हो," आप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तू वर होतीस तेव्हा मनात येत होतं, होऊ दे नापास. होऊ दे आणि येऊ दे खाली."

तिने काउंटरवरची चावी सरळ केली.

"आणि तो माणूस 'येता का' म्हणाला, तर सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. आता याचं काय करायचं, तूच सांग."

"मला पण गाळा हवा होता, आप्पा. फार हवा होता. दहा वर्षांपूर्वी."

आप्पांनी मान हलवली. बराच वेळ ते काउंटरच्या लाकडावरून तळवा फिरवत राहिले.

"तेव्हाच द्यायला हवा होता," ते म्हणाले. "दुकानात तू माझ्यापेक्षा चांगली आहेस, हे मला तेव्हाच कळलं होतं. तोंडाने सांगता आलं नाही. आज सांगायलाच बोलावलं होतं."

थोरलीला हुंदका आला आणि तिने तो येऊ दिला. आप्पांनी तिला रडू दिलं. मग घसा साफ करून विचारलं, "तिथे तुझ्या हाताखाली कोण?"

"कोणी नाही. मी सगळ्यांच्या खाली. ती पेन्सिलवाली मुलगी माझी वरिष्ठ." डोळे पुसता पुसता तिला हसू आलं. "मला काहीच येत नाही अजून, आप्पा. पहिल्यापासून सगळं शिकायचंय. सगळं!"

हे ती अशी बोलली जणू कोणी तिला काहीतरी बक्षीस दिलं होतं. आप्पा तिच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. शेवटचं काहीतरी नवं शिकायला आपण केव्हा गेलो होतो, ते त्यांना काही केल्या आठवेना.

"मला तुझा हेवा वाटतो, पोरी," ते म्हणाले.